उत्तरायुष्यातील दमसास : आरंभ केव्हाही, परंतु बेताने

नोव्हेंबर महिना उजाडला की देशभरातील बँकांच्या शाखांमधून एक परिचित दृश्य दिसू लागते. निवृत्तिवेतनधारक ज्येष्ठ नागरिक हयातीचा दाखला देण्यासाठी येतात. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेमुळे हा दाखला संगणकीय पद्धतीनेही देता येऊ लागला. तरीही शाखेत प्रत्यक्ष येऊन, ओळखीच्या कर्मचाऱ्यांशी चार शब्द बोलून जाणे अनेकांना आवडते. शाखेच्या पायऱ्या चढताना कोणी कठड्याचा आधार घेतो, कोणी मध्येच थांबून श्वास घेतो, तर कोणी बोलत बोलत वर येतो. या तिघांचे दाखले मात्र सारखेच असतात. माणूस हयात आहे, एवढेच दाखला सांगतो. त्याच्या पायांत किती बळ आणि छातीत किती दमसास उरला आहे, याची नोंद कोणत्याही खातेवहीत नसते.

ही नोंद प्रत्येकाने स्वतःच ठेवावयाची असते. साठीनंतर प्रश्न केवळ आयुष्य किती वाढले हा राहत नाही. खुर्चीतून आधाराविना उठणे, बाजाराची पिशवी घरी आणणे, जिना चढणे, न पडता स्नानगृहात जाणे या गोष्टी किती वर्षे स्वतःच्या बळावर करता येतील, हा खरा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी व्यायामावर अवलंबून आहे आणि त्याचा आरंभ उशिरा झाला तरी तो निष्फळ ठरत नाही, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सांगते.

कुवेंपुनगरातील सकाळ

म्हैसूर शहराला ‘निवृत्तांचे नंदनवन’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. समशीतोष्ण हवा, रुंद व सावलीचे रस्ते आणि तलाव यांमुळे सेवानिवृत्तीनंतर येथे स्थायिक होणारे पुष्कळ. शहरातील कुवेंपुनगर ही अशीच एक मोठी निवासी वसाहत. ज्ञानपीठ पुरस्कारविजेते कन्नड महाकवी कुवेंपु (१९०४–१९९४) यांचे नाव तिला दिलेले आहे. कुवेंपु म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि विद्यापीठालगतच्या कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी त्यांचे नित्य फिरणे असे. हा तलाव १८६४ साली तिसरे कृष्णराज वोडेयर यांच्या काळात बांधला गेला. आजही सूर्योदयाच्या सुमारास त्याच्या काठच्या वाटेवर चालणाऱ्यांची वर्दळ असते. कुवेंपुनगराजवळचा लिंगांबुधी तलाव हेही फिरावयास जाणाऱ्यांचे आवडते ठिकाण. ज्यांचा दम चांगला आहे, ते चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्यांची वाट धरतात. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांनी बांधविलेल्या या पायऱ्या आणि वाटेवरील भव्य नंदी भाविकांइतकाच व्यायाम करणाऱ्यांनाही परिचित आहे.

सपाट वाट, तलावाचा फेरा आणि टेकडीच्या पायऱ्या या तीन गोष्टी एका शहरात असणे, हे उशिरा व्यायाम सुरू करणाऱ्याचे भाग्यच होय. मात्र या तिन्हींचा क्रम चुकविणे हीच अशा व्यक्तीची सर्वांत मोठी चूक ठरते. त्याचे कारण समजण्यासाठी वय वाढते तेव्हा शरीरात काय घडते, हे प्रथम पाहू.

दोष वयाचा किती, बसून राहण्याचा किती?

तिशीनंतर स्नायूंचे वजन हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही दमसासाची मुख्य कसोटी. तीही बैठे जीवन जगणाऱ्या माणसात दर दहा वर्षांनी साधारणतः दहा टक्क्यांनी उतरते. ‘आता वय झाले’ असे म्हणून बहुतेक जण हे सर्व वयाच्या नावावर टाकतात. परंतु हा हिशेब अपुरा आहे.

अमेरिकेतील डल्लास येथे १९६६ साली झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्णपणे अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहूनही अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. त्यांचे वजन वाढले होते, अंगातील चरबी जवळजवळ दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान १९६६ मधील तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते. त्यानंतर सहा महिने या पाच जणांनी चालणे, हळू धावणे व सायकल चालविणे असा क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम केला आणि त्यांची क्षमता विशीतील मूळ पातळीवर परतली. विशीत कसून सराव केल्यानंतर त्यांनी जो उच्चांक गाठला होता, तो मात्र पन्नाशीत कोणालाच पुन्हा गाठता आला नाही. वय आपला वाटा घेतेच. पण ज्याला वयाचा दोष समजले जाते, त्यातील मोठा भाग प्रत्यक्षात निष्क्रियतेचा असतो.

बँकेतील कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक नोंद १९५३ सालची आहे. ब्रिटनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना केली. दोघांची सामाजिक स्थिती जवळपास सारखी आणि गाडीही एकच. परंतु चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. टपाल खात्यातही पायी हिंडणारे पोस्टमन आणि मेजाशी बसून काम करणारे कारकून यांच्यात तसाच फरक दिसला. काउंटरमागे दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत घालविणारा कर्मचारी या हिशेबात कोठे बसतो, हे वेगळे सांगावयास नको. स्वतः मॉरिस मोठ्या वयापर्यंत व्यायाम करीत राहिले आणि २००९ साली, शंभरीला काही महिने उरले असताना निवर्तले.

उशीर म्हणजे किती उशीर?

१९९० साली बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांवर एक अभ्यास झाला. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली करून घेण्यात आला. हा क्रम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाले. दोघांनी तर चालताना काठी वापरणे सोडून दिले. नव्वदीतील स्नायूसुद्धा काम दिले की प्रतिसाद देतो, हे त्यातून सिद्ध झाले.

हृदयाच्या बाबतीत मात्र काळाला थोडे अधिक महत्त्व आहे. बैठ्या जीवनात हृदयाचा स्नायू वयानुसार ताठर होत जातो आणि रक्त भरून घेण्याची त्याची लवचिकता कमी होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ ते ६४ वर्षे वयाच्या बैठ्या स्त्री-पुरुषांनी दोन वर्षे, आठवड्यातून चार-पाच दिवस, क्रमाने वाढविलेला दमसासाचा व्यायाम केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदयाचा ताठरपणाही कमी झाला. त्याच अवधीत योगासने, तोल साधण्याचे व्यायाम आणि हलकी वजने यांवर भर देणाऱ्या दुसऱ्या गटाच्या हृदयात असा बदल दिसला नाही. त्याआधी पासष्टीपुढील व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात वर्षभराच्या सरावाने त्यांचा दमसास वाढला, परंतु हृदयाचा ताठरपणा फारसा कमी झाला नाही.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पन्नाशीत वा साठीच्या उंबरठ्यावर असलेल्याने निवृत्तीची वाट पाहू नये. दुसरी, पासष्टी उलटलेल्याने निराश होऊ नये. दम, बळ आणि तोल हे तिन्ही त्याच्या हाती अजूनही आहेत.

ज्यांनी उशिरा सुरुवात केली

फौजा सिंग हे या विषयातील जगप्रसिद्ध नाव. १९११ साली पंजाबमधील जालंधरजवळच्या ब्यास पिंड गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी पाय इतके अशक्त की पाचव्या वर्षापर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हते. उतारवयात पत्नी आणि पाठोपाठ तरुण मुलगा गेला. त्या दुःखातून सावरण्यासाठी, लंडनमध्ये मुलाकडे राहत असताना, ते पळू लागले. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी ४२.१९५ किलोमीटरची लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. २००३ मध्ये टोरांटो येथे तेच अंतर त्यांनी ५ तास ४० मिनिटांत तोडले, म्हणजे तीन वर्षांत वय वाढले आणि वेळ एका तासाहून अधिक कमी झाला. २०११ मध्ये, शंभरीत, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पुन्हा पूर्ण केली. जन्माचा मूळ दाखला नसल्यामुळे गिनीज बुकात मात्र त्या विक्रमाची नोंद झाली नाही. कागदपत्रांचे महत्त्व जाणणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. जुलै २०२५ मध्ये, ११४ व्या वर्षी, आपल्या गावाजवळ पायी जात असताना वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला.

चंडीगडच्या मान कौर यांनी तर धावण्यास प्रारंभ केला तोच ९३ व्या वर्षी, मुलाच्या आग्रहावरून. २०१७ साली ऑकलंड येथील जागतिक मास्टर्स क्रीडास्पर्धेत, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांनी शंभर मीटर अंतर ७४ सेकंदांत पार केले.

महाराष्ट्रातील उदाहरण लता भगवान करे यांचे. बुलढाणा जिल्ह्यातून बारामती परिसरात मजुरीसाठी आलेल्या या साठी ओलांडलेल्या स्त्रीने पतीच्या उपचारासाठी पैशांची निकड असताना बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर गटात भाग घेतला. नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावत त्या पहिल्या आल्या. पुढे २०२० साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला.

या उदाहरणांतून घ्यावयाचा बोध कोणता? दुसऱ्या दिवशी उठून मॅरेथॉन धावावी, हा नव्हे. फौजा सिंग यांचे आयुष्य शेतीत गेले होते. लता करे यांचे पाय जन्मभराच्या कष्टाने घडलेले होते. स्पर्धा त्यांनी उशिरा शोधली, परंतु शरीराची तयारी आधीपासून होत आली होती. ज्याची चाळीस वर्षे खुर्चीत गेली आहेत, त्याला ही तयारी आधी करावी लागेल. ती होऊ शकते. मात्र तिला वेळ द्यावा लागतो.

दमसास कसा वाढतो?

नियमित चालण्या-धावण्याने हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या तयार होतात. प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणारे पेशींतील सूक्ष्म घटक संख्येने वाढतात. त्यामुळे पूर्वी ज्या कामाने धाप लागत असे, तेच काम कमी श्रमात होते. हा बदल काही आठवड्यांत जाणवू लागतो.

धोका येथेच असतो. हृदय आणि स्नायू लवकर सुधारतात, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, सांधे आणि हाडे यांना नव्या भाराची सवय होण्यास कित्येक महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात उत्साह वाढतो, दम पुरतो, म्हणून माणूस अंतर एकदम वाढवितो आणि टाच, पोटरी वा गुडघा दुखावून घरी बसतो. उशिरा आरंभ करणाऱ्यांच्या व्यायामात खंड पडतो तो बहुधा आळसाने नव्हे, तर अशा घाईने. आवर्ती ठेवीत दरमहा ठरलेली रक्कम भरणारा जसा निर्धास्त असतो, तसेच येथेही आहे. फरक एवढाच की, हे खाते काही महिने बंद ठेवले तर मुद्दलही कमी होते.

किती वेगाने चालावे, याची सोपी कसोटी बोलण्यात आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग मध्यम समजावा. दोन-तीन शब्दांतच दम लागू लागला, तर वेग जास्त झाला. सुरुवातीचे कित्येक महिने बहुतेक सर्व व्यायाम या मध्यम वेगानेच करावा.

मराठी माणसाला या शास्त्राची जिवंत शाळा पाहावयाची असेल, तर ती पंढरीच्या वारीत आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीस पंढरपुरात असते. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकातूनही वारकरी येतात आणि त्यांत वृद्धांची संख्या लक्षणीय असते. भक्ती ही तिची प्रेरणा. पण तिची आखणी पाहिली तर दमसासाचे सर्व नियम तेथे सापडतात. रोजची वाटचाल ठरलेली, वाटेत विसावे, रात्री मुक्काम. दिंडीत चालणारा एकटा नसतो आणि त्याला पुढे धावण्याची घाईही नसते. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाण्याचा टप्पा लांबचा व चढणीचा. त्यानंतर पालखीचा मुक्काम सासवडला एका रात्रीऐवजी दोन रात्रींचा असतो. कठीण श्रमानंतर विश्रांती, हा आधुनिक प्रशिक्षकाचा पाठ वारीच्या वेळापत्रकात केव्हाच समाविष्ट झालेला आहे.

सपाट वाटेपासून पायऱ्यांपर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सुचविला आहे. त्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम आणि पासष्टीपुढील व्यक्तींनी तीन दिवस तोल साधण्यावर भर देणारा व्यायाम करावा, असेही म्हटले आहे. हे आकडे गाठावयाचे लक्ष्य आहेत, पहिल्या दिवसाचा पाठ नव्हे.

पहिल्या महिन्यात घराजवळच्या बागेत वा सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे चालणे पुरेसे. कुवेंपुनगरात राहणाऱ्याने या काळात टेकडीकडे केवळ पाहावे. दर आठवड्याला एकूण वेळ सुमारे दहा टक्क्यांनी वाढवावा आणि तीन आठवडे वाढविल्यावर चौथ्या आठवड्यात थोडा कमी करावा. तीन-चार महिन्यांत अर्धा ते पाऊण तास भरभर चालणे सहज होऊ लागले, की तलावाचा पूर्ण फेरा घ्यावा. धावण्याची इच्छा असेल तर तीन मिनिटे चालून एक मिनिट हळू धावणे, असा आलटून-पालटून क्रम ठेवावा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी सायकल किंवा पोहणे निवडावे. हृदयाला दोन्हींचा लाभ सारखाच होतो.

पायऱ्यांची वेळ त्यानंतर येते. चढताना हृदयावर भार पडतो, तर उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतात. म्हणून न सरावलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखतात आणि गुडघ्यांवरही ताण येतो. चामुंडी टेकडीवर प्रथम शे-दोनशे पायऱ्या चढून परतावे, पुढे क्रमाने नंदीपर्यंत आणि शेवटी शिखरापर्यंत जावे. सुरुवातीस उतरण्यासाठी बसचा उपयोग केल्याने कोणताही कमीपणा येत नाही.

बळ आणि तोल

केवळ चालणाऱ्याचे पाय दमदार होतात, पण बळ त्या प्रमाणात वाढत नाही. घरी करून पाहावी अशी एक सोपी चाचणी आहे. हात छातीवर घडी करून खुर्चीत बसावे आणि ३० सेकंदांत कितीदा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. ६५ ते ६९ या वयोगटात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांचे बळ सरासरीपेक्षा कमी असून पडण्याची शक्यता अधिक, असे मानले जाते. समाधानाची बाब अशी की, ही चाचणी हाच तिचा उपायही आहे. खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, कट्ट्याला धरून टाचा उचलणे हे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येकी आठ-दहा वेळा करावेत.

स्नायू घडण्यास प्रथिनेही हवीत. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दररोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगितले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रथिने वाढवू नयेत.

तोलासाठी म्हैसूरने जगाला मोठी देणगी दिली आहे. टी. कृष्णमाचार्य यांनी १९३० च्या दशकात म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालविली. त्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची अशा साधनांच्या आधारे त्यांनी आसने वृद्धांना व आजाऱ्यांनाही सुसाध्य केली. भिंतीच्या आधाराने केलेले वृक्षासनही तोल सुधारण्यास उपयुक्त आहे. योगसाधना आणि चालणे यांत निवड करू नये. दोहोंची कामे वेगळी आहेत आणि शरीराला दोन्ही हवी आहेत.

सावधगिरीचे नियम

भारतीयांमध्ये मधुमेह व हृदयविकार तुलनेने लहान वयात आढळतात. त्यामुळे पन्नाशीनंतर प्रथमच व्यायाम सुरू करणाऱ्याने रक्तदाब, रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल व हृदयालेख यांची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी सुचविल्यास ट्रेडमिल चाचणीही करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर एकदम कमी होऊ शकते. त्यांनी खिशात साखर वा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत आणि रोज तळपाय तपासावेत. छातीत दाब जाणवणे, जबडा वा हाताकडे जाणारी कळ, भोवळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा अकारण घाम ही लक्षणे दिसताच थांबावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे. ‘पित्त असेल’ असे म्हणून घालविलेला अर्धा तास फार महाग पडू शकतो. ताप असताना व्यायाम करू नये.

शर्यतींमधील आकस्मिक मृत्यूंच्या बातम्यांनी अनेक जण घाबरतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास झाला. त्यांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांमागे एक. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण अर्धमॅरेथॉनपेक्षा अधिक होते. धोका अल्प आहे, पण शून्य नाही. आणि तपासणी न करता, तयारीविना उतरणाऱ्याने तो वाढवून घेऊ नये.

स्पर्धेत उतरावे का?

ज्याला उतरावेसे वाटते, त्याने अवश्य उतरावे. ठरलेला दिनांक समोर असला की पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपण्याचा मोह आवरतो. निवृत्तीबरोबर दिवसाचे जे वेळापत्रक हरवते, ते अशा निमित्ताने परत मिळते; सोबत चालणाऱ्यांच्या रूपाने नवी माणसेही जोडली जातात. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी, लहान अंतराची धाव ठेवण्यात आली आहे. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये तर पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. वाढदिवसाने पुढच्या गटात गेल्याचा आनंद वाटावा, असे क्षेत्र दुसरे क्वचितच असेल.

ज्याला स्पर्धा नको, त्याचेही काही अडत नाही. पदक हे या साऱ्याचे फळ नव्हे. नातवंडाला उचलून घेता येणे, प्रवासात सामानासाठी कोणाचे तोंड पाहावे न लागणे, आजारपणानंतर लवकर उभे राहता येणे हेच खरे फळ होय. आणि ते आरंभ करणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या वयाच्या व प्रकृतीच्या मानाने, थोडेबहुत मिळतेच.

पुढील नोव्हेंबरात हयातीचा दाखला पुन्हा द्यावयाचा आहेच. तोवरचे महिने दररोजच्या अर्ध्या तासाने भरले, तर शाखेच्या त्याच पायऱ्यांवर कठड्याकडे जाणारा हात कदाचित मोकळाच राहील. त्याची पावती कोणी देणार नाही. ती ज्याच्या त्याच्या पायांना कळेल.